बन्सीने सांगितलेला देवांचा पिक्चर

बन्सीचा आवाज दौंडचा आणि बाकीचा बन्सी निमोण्याचा, असं गावात म्हणतात. ते खोटं नाही. त्याचा जन्म दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधला. बाप रेल्वेत, पोरं ढीगभर, आणि घर स्टेशनला इतकं लागून की रांगणारं मूल आधी आई म्हणेल का 'गाडी फलाटावर येत आहे' म्हणेल, याचा नेम नसायचा. बन्सी दुसऱ्या प्रकारातला. बोबड्या तोंडानं तो अख्खी घोषणा करायचा, तीही तीन भाषांत.

इकडे निमोण्यात त्याची मावशी साखरबाई. तिचे मालक पोपटराव म्हणजे बडं प्रस्थ. बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. गावात पान हलायचं तेही यांना विचारून. पण घरात पाळणा हलेना. देव झाले, डॉक्टर झाले, शेवटी साखरबाई दौंडला गेली आणि बहिणीच्या पोरांतलं एक मागून घेऊन आली. सगळ्यात मोठ्यानं भोकाड पसरलं होतं ते बन्सीनं, म्हणून त्यालाच उचललं म्हणे. दत्तकविधान चैत्रात करू, असं ठरलं. चैत्र उजाडायच्या आत साखरबाईला दिवस गेले.

झालं. गाव म्हणालं, पोराचा पायगुण. मुलगा झाला, रविराज. त्याच्या बारशाचे पेढे वाटताना पोपटरावांनी बन्सीला मांडीवर घेतलं होतं. पण ज्याच्या पायगुणानं वारस आला, त्याला आता वारस कशाला करायचं, हा प्रश्न त्यांनी पुढच्या चैत्रावर ढकलला. चेअरमन माणूस, विषय तहकूब करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तो विषय तेव्हापासून तहकूबच आहे.

छळ वगैरे काही झाला नाही, उगाच कुणाच्या नावानं बोटं मोडू नयेत. दोन्ही पोरं एका ताटात जेवली, एकाच मास्तरचा मार खाल्ला. दोघंही त्यांना आबा म्हणायचे आणि साखरबाईला आई. फक्त पाहुण्यांनी विचारलं की पोपटराव रविराजकडे बोट करून म्हणायचे, 'हा माझा मुलगा', आणि बन्सीकडे बघून म्हणायचे, 'हा आमचा बन्सी.' माझा आणि आमचा यातला फरक बन्सीला शाळेत जायच्या आधी कळला होता. त्यानं तो कुणाला कधी बोलून दाखवला नाही.

पुढं रविराज शिकला, सणसवाडीला खोल्या बांधून कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं देऊ लागला आणि तिकडंच राहिला. बन्सी शेतात राहिला. कांदा, शेवंती, आबांचं दवाखान्याचं, आईच्या गुडघ्यांचं, सगळं त्याच्याकडं. आणि वर तो झाला निवेदक. दौंडच्या भोंग्यानं घडवलेला तो आवाज आधी लग्नात चमकला, मग कुस्तीच्या आखाड्यात. शिरूर तालुक्यात बन्सीच्या तोंडून नाव पुकारलं गेलं की किरकोळ पैलवानाची छातीही इंचभर फुगायची. ज्याला मान द्यायचा त्याला बन्सी असा द्यायचा की घेणाऱ्याला वाटावं, आपण एवढे मोठे कधी झालो बुवा. त्याची बायको अनिता मात्र म्हणायची, दुनियेला फेटे बांधता आणि घरी आलात की तोंडात मूग. बाईचं तोंड फाटकं खरं, पण बोलणं खोटं नव्हतं.

कारण बन्सीला एकच गोष्ट हवी होती आणि ती मागायला त्याचा आवाज फुटत नव्हता. ती म्हणजे काठी.

निमोण्याच्या नाथाच्या जत्रेत पहिली काठी पोपटरावांच्या घराची. उंच कळकाचा बांबू, त्याला रंगीत फडकी, टोकाला मोरपिसं. घरच्या कर्त्यानं ती उभी खांद्यावर घ्यायची आणि देवळापर्यंत न्यायची. पोपटराव तरुणपणापासून नेत होते. वर्षभर त्या काठीला तेल कोण लावायचं, फडकी कोण शिवायचं, वाळवी कोण बघायचं? बन्सी. पण जत्रेच्या दिवशी ती खांद्यावर घ्यायची म्हणजे पोपटरावांचा कर्ता मुलगा असायला हवं. गावजेवणात मिरवणं वेगळं आणि काठी वेगळी. काठी ज्याच्या खांद्यावर, घर त्याचं, हे निमोण्यात शेंबड्या पोरालाही माहीत.

यंदा जत्रेच्या तोंडावर पोपटरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही. म्हणजे काठी आता पुढच्या पिढीकडं जाणार. कुणाकडं? पोपटरावांनी नेहमीप्रमाणं विषय तहकूब ठेवला. जत्रेच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. रविराज गाडी घेऊन आला, नवा कोरा पांढरा सदरा घालून, आणि गावानं गणित मांडलं. बन्सीनंही मांडलं. त्या सकाळी त्यानं काठीला तेल लावलं ते अगदी सावकाश, आणि अनिता मागं उभी राहून काहीच बोलली नाही, तेव्हाच तो हिरमुसला.

आता पिक्चरचं सांगतो. दरवर्षी तमाशा असायचा, पण गेल्या वर्षी तमाशात पुढं कोण बसणार यावरून खुर्च्या उडाल्या होत्या. म्हणून यंदा तरुण मंडळींनी टूम काढली, कुस्त्यांसाठी एलईडीचा पडदा आणायचाच आहे, तर आदल्या सांजेला त्यावर पिक्चर लावू. पोपटराव ऐकेनात. तेव्हा रविराज म्हणाला, आबा, देवाचा पिक्चर आहे. बर्फाच्या देशातले देव आहेत, वीज पाडणारा देव आहे, राक्षस आहेत. पोपटरावांना वाटलं, पौराणिक. जत्रेत पौराणिक काय वाईट? मंजूर.

दिवेलागणीला सगळं गाव मैदानात. देवाचा पिक्चर म्हटल्यावर म्हाताऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन, चपला लांब काढून बसल्या. पडद्यापुढं नारळ फुटला, पडद्याला हार घातला, उदबत्ती लावली. पुढच्या सोफ्यावर पोपटराव, शेजारी रविराज. बन्सीनं माईकवरून सगळ्या पाहुण्यांचे सत्कार उरकले आणि पिक्चर सुरू झाला.

सुरू झाला तो तेलुगूत.

पेन ड्राईव्ह रविराजनं आणला होता त्याच्या एका भाडेकरूकडून. भाडेकरू तिकडचा, त्याच्याकडं त्याच्याच भाषेतला असणार, हे या शहाण्याच्या डोक्यात आलंच नाही. पडद्यावर एक म्हातारा राजा सिंहासनावर बसून तेलुगूत गरजत होता आणि निमोणं आ वासून बघत होतं. कुजबुज वाढली, मागून शिट्ट्या आल्या. जत्रा कमिटीची अब्रू जायची वेळ. पोपटरावांनी मान वळवली नाही, नुसता हात वर केला. बन्सीला ती खूण पाठ होती. घे माईक आणि निभावून ने.

बन्सीनं आयुष्यात तो पिक्चर पाहिला नव्हता. पण न पाहिलेल्या पैलवानाची सात पिढ्यांची कीर्ती सांगणारा माणूस तो, त्याला काय जड? त्यानं घसा खाकरला आणि आवाज लावला.

म्हातारा एका डोळ्यानं अधू होता, त्याच्या खांद्यांवर दोन कावळे. बन्सी म्हणाला, हे देवांचे अध्यक्ष, खांद्यावर पितर बसलेत, पितरांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. लोकांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा सोफ्यावरच्या हिरव्या पट्टीकडं, आणि हशा पिकला. पोपटरावही मिशीत हसले. मग आला थोरला मुलगा, सोनेरी केसांचा, दांडगा, हातात हातोडा. त्यानं तो फिरवला आणि वीज कडाडली, तशा म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. बन्सीनं त्याला आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानासारखा पुकारला, आणि हलगीवाल्यानं न सांगता हलगीवर थाप मारली. रंग भरला. निमोण्याला तेलुगू कळायला लागलं.

थोरल्याच्या मागं एक काळ्या केसांचा, हिरव्या कपड्यांतला किरकोळ माणूस उभा होता. बन्सीनं त्याला आधी दिवाणजी करून टाकलं. मग तो राजाला बाबा म्हणतोय असं वाटलं, तेव्हा धाकटा मुलगा केलं. आणि मग पडद्यावर जुनी आठवण आली. पडकं घर, सगळीकडं बर्फ, आणि तो राजा तरुणपणी वाकून एक रडतं पोर उचलतोय. राक्षसाचं पोर. राजा ते शालीत गुंडाळून आपल्या राणीच्या ओटीत टाकतो.

बायांतून कुणीतरी विचारलं, 'कुणाचं पोर त्ये?'

बन्सीच्या हातात माईक तसाच राहिला. मैदानात एकानंही मान वळवून त्याच्याकडं बघितलं नाही, आणि त्यावरूनच त्याला समजलं की सगळ्यांच्या ध्यानात आलंय. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागून राग आला, आणि हा राग किती जुना आहे हे बघून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

'मावशीनं आणलेलं हाय,' तो माईकवर म्हणाला. 'लई गुणाचं हाय.'

तिथून पुढं बन्सीनं त्या हिरव्याची बाजू घेतली. आणि पिक्चर काही त्याच्या बापाचा नव्हता. त्यात तो हिरवा निघाला पक्का हरामखोर. राजा आजारी पडला, थोरला गावाबाहेर, हा पठ्ठ्या सिंहासनावर जाऊन बसला. बन्सी म्हणाला, मग काय गादी मोकळी ठेवून कुत्री बसवायची? घरात जो असतो त्यालाच बघावं लागतं. म्हातारीकोतारी माना डोलवू लागली. हिरव्यानं राजाच्या पेल्यात काहीतरी ओतलं. बन्सी म्हणाला, काढा दिलाय, खोकला होता. हिरव्यानं मध्यरात्री किल्ल्याचं दार उघडलं आणि घराएवढा लांडगा आत घेतला. इथं बन्सी क्षणभर अडला. मग म्हणाला, राखणीला कुत्रं आणलंय. लांडग्यानं दोन शिपाई गिळले. बन्सी म्हणाला, नवीन हाय, अजून माणसं ओळखत न्हाई.

लोक हसून हसून लोळले, पण गंमत बघा, लोक त्याच्याच बाजूनं झाले. बघत होते एक आणि ऐकत होते दुसरं, आणि विश्वास कानावर ठेवत होते. बन्सीचा आवाजच तसा. शेवटी थोरला परत आला आणि त्यानं हातोडा घालून हिरव्याला लोळवला, तेव्हा बायांकडून शिव्यांचा पाऊस पडला. भावावर हात उचलतो मेला, देव कसला हा! ज्यांनी मघाशी हात जोडले होते त्यांनीच आता कडाकडा बोटं मोडली. सोफ्यावर रविराज चुळबुळ करू लागला. त्याचा काही संबंध नसताना त्याची मान खाली गेली.

मग हिरव्याला साखळदंडानं खडकाला बांधलं. वरून नागाचं विष थेंब थेंब तोंडावर पडतंय. आणि म्हातारा राजा, भाल्याचा आधार घेत, पाय ओढत त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. एका डोळ्यानं बघितलं त्याच्याकडं. आणि बोलायला लागला. हळू, थांबत थांबत, तेलुगूत.

मैदानानं बन्सीसाठी कान टवकारले. बन्सी गप्प. लांडग्याचं कुत्रं करणारा हा माणूस, त्याला दोन वाक्यं रचायला काय लागत होतं? पोरा, तू माझाच आहेस, म्हणायचं, की संपलं. गावानं रडून घेतलं असतं. पण बन्सीचं तोंड उघडेना. ज्या शब्दांची जन्मभर वाट बघितली ते आपणच माईकवर म्हणायचे, ही भीक त्याला स्वतःला घालवेना.

पोपटराव वैतागले. 'आरं बन्सी, काय म्हणतोय म्हातारा?'

'आबा,' बन्सी म्हणाला, आणि माईक तोंडापुढं असल्यानं ते सगळ्या गावाला ऐकू गेलं, 'तेवढं तुमीच सांगा. मला ठावं न्हाई.'

त्यानं जाऊन माईक पोपटरावांच्या हातात दिला.

पोपटराव उठले. मुरलेला माणूस, माईक हातात आला की त्याला काय सुचायचं थांबतं का? त्यांनी सुरुवात केली. राजा म्हणतो, बंधू आणि भगिनींनो, मी कधी दुजाभाव केला नाही. दोन्ही मुलं मला सारखीच. राजा म्हणतो, एकीचं बळ मोठं असतं, आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. राजा मग पाटाच्या पाण्यावर बोलला, ठिबक सिंचनावर बोलला, तरुणांनी व्यसनापासून लांब राहावं यावर बोलला. एवढ्यात पडद्यावर मागून लांडगा आला आणि त्यानं राजाला एका घासात गिळलं. पोपटराव पडद्याकडं पाठ करून उभे. त्यांचा राजा बोलतच होता. सहकाराचा पाया विश्वास हा आहे, असं तो म्हणत होता. हसावं की काय करावं कुणाला कळेना.

तेव्हा बायांच्या बाजूनं साखरबाई उठली. चार माणसांत जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती बाई, पदर सावरून उभी राहिली.

'अवं,' ती म्हणाली, 'म्हातारा कवाच मेला. आता तरी खरं बोला.'

पोपटराव वळले. पडद्यावर सिंहासन रिकामं होतं. मग ते पुन्हा गावाकडं वळले. बन्सी खांबाला धरून उभा होता.

'खरं सांगतो,' पोपटराव म्हणाले, आणि हा आवाज चेअरमनचा नव्हता. 'मी भ्यालो. रवी झाला, तवापासनं भ्यालो. रक्ताचा असून परक्याच्या खांद्यावर काठी दिली, असं लोक म्हणतील. लोक म्हंजी तुमीच. तुमाला भिऊन मी ह्या पोराला उंबऱ्यात उभा केला, आन् ह्यो बिचारा तितंच उभा राहिला. उंद्या काठी बन्सी नेईल. माझा थोरला हाय त्यो.' मग पट्टीवर हात ठेवून म्हणाले, 'बंद करा त्यो पडदा. डोळा दुखाय लागला माझा.'

पिक्चर तिथंच बंद झाला. त्यामुळं पुढं काय झालं ते निमोण्याला आजही ठाऊक नाही. बाहेरची पोरं सांगतात, अहो, तो हिरवा खलनायक होता. निमोणं ऐकून घेत नाही. आम्ही बघितलाय म्हणतात.

त्या गर्दीत रविराज बन्सीला गाठायला आला. बन्सीला वाटलं, आता भांडण. रविराजनं इकडंतिकडं बघितलं आणि नव्या सदऱ्याखालचा कमरेचा पट्टा दाखवला. मणका सरकला होता त्याचा, डॉक्टरनं वाकायलासुद्धा मनाई केली होती. आबांना सांगायची छाती होत नव्हती. 'दादा, वाचवलंस,' तो म्हणाला. ज्या काठीपायी एकाची झोप उडाली होती, तिच्याच भीतीनं दुसऱ्याची उडालेली. दोघांनी कधी एकमेकांना विचारलं असतं तर! पण विचारतील तर ते भाऊ कसले.

सकाळी बन्सीला फेटा पोपटरावांनी बांधला. पट्टीमुळं दिसत नव्हतं नीट, तिरपाच बसला, पण अनितानं तो सरळ करू दिला नाही. काठी खांद्यावर आली तेव्हा बन्सीला वजन कळलं. इतकी वर्षं तेल लावलं, पण आडवी काठी वेगळी आणि उभी वेगळी. वारा आला की ती माणसाला ओढून नेते. दात आवळून तो चालला, हलगी पुढं, गुलाल वर, आणि डोळ्यांतून पाणी, ते घामात खपून गेलं.

देवळापाशी मिरवणूक थांबली. शिखराला काठी टेकवायच्या आधी मानकऱ्याचं नाव पुकारायचं, ही रीत. हलगी बंद झाली. सगळ्यांनी मांडवाकडं बघितलं. मांडवात माईक खुर्चीवर पडलेला, आणि निवेदक काठीखाली. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पोपटरावांना पट्टीमुळं वाट दिसेना, रविराजला पळवेना, आणि दुसऱ्या कुणाची बन्सीच्या माईकला हात लावायची हिंमत होईना. काठी डुलू लागली. नाव पडल्याशिवाय टेकवता येत नाही आणि नाव घेणारा एकच.

बन्सीनं श्वास भरून घेतला. 'काठी पोपटरावांच्या घरची,' तो कडाडला, आणि ते वेशीपर्यंत गेलं. 'मानकरी...'

आणि तिथंच अडला. अख्ख्या तालुक्याला मोठं करणाऱ्या त्या आवाजाला स्वतःचं नाव पेलेना. 'बन्सी पोपटराव,' असं तो म्हणाला खरं, पण ते फुटलेल्या आवाजात, शाळेत हजेरी देणाऱ्या पोरासारखं. शेजारी उभ्या आबांनी ऐकलं, साखरबाईनं ऐकलं. हलगीवाल्यानं अंदाजानं थाप मारली आणि काठी शिखराला टेकली.

मागच्या लोकांना काहीच ऐकू आलं नाही. परतताना जो तो म्हणत होता, यंदा बाकी सगळं झकास झालं, पण बन्सीचं निवेदन साफ पडलं बुवा. मानकऱ्याचं नाव काही ऐकूच आलं नाही. बन्सी पाराजवळ खांदा चोळत बसला होता. तो म्हणाला, व्हय, पडलंच.